पाणी कोमटच होते

नरकचतुर्दशीची पहाट म्हटली की वाईच्या आमच्या जुन्या घरातले न्हाणीघर माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. तांब्याचा बंब पेटलेला आहे, ओल्या लाकडांच्या धुराने डोळे चुरचुरत आहेत, घंगाळातल्या कढत पाण्याला विसण घातले जात आहे, आणि उटण्याच्या वासात झोप हळूहळू विरघळते आहे. अशी आठवण वाचकांपैकी पुष्कळांजवळ असेल. माझ्या आठवणीत मात्र एक बारीकसे कुसळ आहे. ते साठ-पासष्ट वर्षे रुतून राहिले. आणि अलीकडे, म्हातारपणी, शास्त्राच्या इतिहासाची पुस्तके चाळता चाळता ते निघाले. निघाले म्हणजे दुखायचे थांबले असे नव्हे. ते काय होते एवढे मला कळले. त्याचीच ही हकिगत.

साल १९५६. मी नऊ वर्षांचा होतो. माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर तीनच वर्षांत कपाळ पांढरे करून माहेरी परत आली होती. घरातल्या फराळाचा सारा भार तिच्यावर असे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ती करंज्या तळीत असताना एक करंजी कढईत फुटली आणि उकळते तेल तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर उडाले. तिने हातावर मध लावला, वर फडके गुंडाळले आणि उरलेल्या करंज्या डाव्या हाताने तळल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आम्हा मुलांना डाव्या हातानेच तेल-उटणे लावले. आमच्या आंघोळी आटोपल्यावर तिने हात धुण्यासाठी पुढे केले. तांब्या माझ्या हातात होता. ज्या पाण्याने आम्ही नुकतीच मजेत आंघोळ केली होती तेच पाणी मी तिच्या हातांवर ओतले. आत्या किंचाळली. हाताच्या झटक्याने तांब्या उडाला, पाणी ओवाळण्याच्या ताम्हनात गेले आणि निरांजन विझले.

आई धावत आली. तिने घंगाळात कोपर बुडवून पाहिले आणि म्हणाली, “अहो वन्सं, पाणी कोमटच आहे की!” काका ओसरीवरून ओरडले, “आक्काचं नाटक, दुसरं काय! आज कामाला हात लावायला नको.” आम्ही मुले हसलो. पुढे कितीतरी वर्षे आमच्या घरात ती थट्टाच होऊन बसली. कुणी कशाचा बाऊ केला की आम्ही म्हणायचो, “आत्या, पाणी कढत आहे!” आत्या त्यावर कधी रागावली नाही. त्या पहाटे तिने माझ्याकडे पाहून एवढेच म्हटले होते, “मला कढत लागलं रे.”

मोठेपणी मी शाळेत शास्त्र शिकवू लागलो. वेदनेचा धडा आला की फळ्यावर एक पाऊल, एक मेंदू आणि दोहोंना जोडणारी एक तार काढीत असे. पायाला काटा बोचला की तारेतून निरोप जातो आणि मेंदूत घंटा वाजते. मुलांना ते चित्र आवडे, मलाही आवडे. पण त्या चित्रात एक खोट होती. त्यात कोमट पाण्याने घंटा वाजण्याचे काही कारणच नव्हते. माझ्या फळ्याच्या हिशेबाने आत्या खोटी ठरत होती, आणि मी शिक्षक असून त्या हिशेबाला कधी हात घातला नव्हता.

२०२१ च्या दिवाळीआधी महिनाभर वर्तमानपत्रात बातमी आली की, मिरची तिखट का लागते हे शोधून काढणाऱ्या शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत म्हणून वाचायला घेतले, आणि दुसऱ्याच परिच्छेदात वाईचे न्हाणीघर समोर येऊन उभे राहिले.

* * *

जखम किंवा भाजलेली जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने या चार खुणा एकत्र नोंदवून ठेवल्या, आणि आजही डॉक्टर त्या त्याच्या नावाने पाठ करतात. आपल्याकडे सुश्रुताने व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या. पिकत चाललेल्या गळवाच्या वेदनेचे त्याचे वर्णन तर ज्याने गळू सोसले आहे त्यानेच करावे असे आहे. सुया टोचाव्यात, मुंग्या चावाव्यात, विंचू डसल्याप्रमाणे बसून, उभे राहून वा निजून कशानेही चैन पडू नये, असे सारे प्रकार त्यात आले आहेत.

म्हणजे वेदना हे दाहाच्या चार खुणांपैकी एक अंग आहे, इतके जुन्यांनी ओळखले होते. मात्र उरलेल्या तिघांशी तिचे नाते काय, हे कोडे राहिले. लाली आणि उष्णता रक्तामुळे, सूज द्रवामुळे. मग वेदना कशामुळे? सूज आतून दाबते म्हणून, असे उत्तर बराच काळ चालले.

सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने दिलेले उत्तर माझ्या फळ्यावरच्या चित्राचे मूळ होय. त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ साली, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्तवाजवळ पाय गेलेल्या माणसाचे वर्णन आहे. पायापासून मेंदूपर्यंत एक बारीक दोरा जातो. विस्तव त्याचे एक टोक ओढतो आणि दुसऱ्या टोकाला, देवळातली घंटा दोरीने वाजवावी तसे, काहीतरी हलते. कल्पना मोठी साधी आणि सुबक होती. म्हणूनच ती तीनशे वर्षे टिकली. तिच्यात दोरी ही नुसती दोरी आहे. कालची दोरी आणि आजची दोरी यांत काही फरक पडत नाही.

१९०६ साली चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने या दोरीला अधिक नेमके रूप दिले. शरीराला इजा करणाऱ्या गोष्टींचीच खबर देणारे वेगळे ज्ञानतंतू असतात, असे त्याने मांडले. त्यांना आपण वेदनाग्राही तंतू म्हणू. पण जखमेच्या शेजारी राहून हे तंतू बदलतात काय, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारला नव्हता.

* * *

तो प्रश्न विचारण्याच्या वाटेवरचा पहिला मोठा माणूस म्हणजे लंडनचा डॉक्टर थॉमस लुईस. त्याचा एक प्रयोग इतका सोपा आहे की वाचकांनी सुट्टीत तो करून पाहायला हरकत नाही. पट्टीच्या बोथट कडेने हाताच्या आतल्या बाजूला जरा दाबून एक रेघ ओढावी. काही क्षणांत तिथे लाल रेघ उमटते. मग तिच्या भोवती, जिथे पट्टी लागलीही नव्हती तिथे, लाली पसरते. काहींच्या हातावर नंतर रेघेच्या जागी उंचवटा येतो. १९२७ साली छापलेल्या ग्रंथात लुईसने दाखवले की, हिस्टामीन नावाचे द्रव्य कातडीत टोचले तर हेच तीन प्रकार याच क्रमाने घडतात. तेव्हा ओरखडा काढल्यावर कातडीतच हिस्टामीनसारखे काही द्रव्य सुटत असले पाहिजे.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. ज्या जागेचा संवेदनेचा तंतू तुटून मरून गेला आहे तिथे रेघ उमटते, उंचवटाही येतो, परंतु भोवतालची लाली पसरत नाही. म्हणजे ती लाली पसरवण्याचे काम तंतूच करीत होता! ज्याला आपण केवळ खबर नेणारा जासूद समजत होतो तो जाता जाता वाटेतल्या रक्तवाहिन्यांनाही हुकूम देत होता.

१९३० नंतरच्या काही वर्षांत लुईसने भाजलेल्या आणि उन्हाने करपलेल्या कातडीकडे लक्ष वळवले. धड कातडी जी ऊब सुखाने सोसते तिनेच इजा झालेल्या कातडीची आग होऊ लागते, हे त्याने नोंदवले. इजा झालेल्या पेशींतून काहीतरी द्रव्य सुटत असावे आणि ते तंतूंना हळवे करीत असावे, असा त्याने अंदाज केला. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आत्याच्या हातावर तेल उडाले त्यापूर्वी वीसएक वर्षे ही गोष्ट लंडनमध्ये छापली गेली होती.

* * *

ते द्रव्य कोणते? एक उत्तर आले ब्राझीलमधून, आणि तेही सापाच्या पाठीवर बसून.

जराराका हा दक्षिण अमेरिकेतला विषारी साप. आपल्या कोकणातले फुरसे ज्या मोठ्या कुळातले, त्याच कुळातला. तो चावला की जागा भयंकर सुजते आणि दुखते. १९४८ साली साओ पावलो येथे मॉरिसियो रोशा ई सिल्व्हा, विल्सन बेराल्दो आणि गास्ताव रोझेनफेल्ड हे तिघे या विषाचा अभ्यास करीत होते. विषाशी संबंध आलेले कुत्र्याचे रक्त त्यांनी गिनिपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर सोडले. आतडे आकसू लागले, पण हिस्टामीनने आकसते तसे झटकन नव्हे, तर सावकाश. म्हणून मंद या अर्थाचा आणि चलन या अर्थाचा असे दोन ग्रीक शब्द जोडून त्या द्रव्याचे नाव ब्रॅडिकायनिन ठेवण्यात आले. हे द्रव्य नऊ अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी आहे, हे पुढे कळले.

खरी मेख अशी की, हे द्रव्य सापाच्या विषातले नव्हतेच. ते रक्तातल्याच एका प्रथिनात बांधलेले होते. विषाने फक्त त्याची गाठ सोडली. साप नसतानाही, नुसते भाजले, चेचले वा पिकले तरी ही गाठ सुटते. कुलूप आपले, पेटीही आपली; साप हा केवळ एक किल्लीवाला.

याच सुमारास लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाच्या वैद्यकशाळेत कील आणि डेझिरे आर्मस्ट्राँग ही जोडी माणसांच्याच हातावर वेदनेची परीक्षा घेत होती. कातडीला फोड आणणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अर्काने ते स्वयंसेवकांच्या हातावर फोड उठवीत, त्याचे वरचे कातडे काढून टाकीत, आणि उघड्या पडलेल्या तळावर एकेक द्रव्य सोडून किती दुखले याची नोंद ठेवीत. त्यांना आढळले की रक्तातला द्रव काचेला लागला तरी त्यात वेदना देणारे द्रव्य तयार होते. सुजलेल्या जागेतल्या द्रवातही ते असे. आणि ब्रॅडिकायनिन तर अगदी थोड्या प्रमाणातही त्या उघड्या जागेवर दुखत असे. ही सारी माणसे पदरचे दुखणे घेऊन बसली होती, आणि त्यांच्या म्हणण्यावर कुणी शंका घेत नव्हते. त्यांनी सांगितलेली वेदना सरळ आलेखाच्या कागदावर उतरत होती. याच काळात आमच्या घरात आत्याची वेदना नाटकाच्या खात्यावर जमा होत होती.

* * *

दुसरे उत्तर अ‍ॅस्पिरिनच्या गोळीतून आले. ही कथा फार जुनी. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने विलो झाडाच्या वाळलेल्या सालीची पूड हिवतापासारख्या तापावर गुणकारी असल्याचे रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. सुमारे पन्नास माणसांना त्याने ती दिली होती. त्या सालीतल्या द्रव्याच्याच नात्यातली अ‍ॅस्पिरिन १८९९ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने बाजारात आणली. पुढची सत्तर वर्षे जगाने ही गोळी खाल्ली, पण ती काय करते हे कुणालाच माहीत नव्हते.

मधल्या काळात, १९३५ साली, स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर याने शरीरातल्या एका द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येते अशी त्याची समजूत होती. समजूत चुकीची ठरली, ते शरीरात जवळजवळ सर्वत्र तयार होते असे निघाले. नाव मात्र चिकटून राहिले. १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन याने दाखवून दिले की, अ‍ॅस्पिरिन या प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच अडवते. त्यासाठी त्याला पुढे १९८२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पण मला याहूनही मोलाचा वाटतो तो व्हेनचा ब्राझिलियन सहकारी सर्जियो फेरेरा. हा रोशा ई सिल्व्हाचाच शिष्य. जराराकाच्या विषातला एक अर्क बरोबर घेऊन तो लंडनला आला होता; रक्तदाबावरच्या एका मोठ्या औषधकुळाचा उगम त्या अर्कात आहे, पण ती कथा वेगळी. १९७२ साली फेरेराने माणसांच्या कातडीखाली ही द्रव्ये थेंबाथेंबाने सोडून पाहिली. थोडेसे प्रोस्टाग्लँडिन सोडले तर ते स्वतः फारसे दुखत नाही. पण ती जागा हळवी होते. मग तिथे ब्रॅडिकायनिन किंवा हिस्टामीन आले की माणूस विव्हळतो.

वाचकहो, सगळ्या हकिगतीचे मर्म इथे आहे. दाहाची काही द्रव्ये घंटेची दोरी ओढतात. आणि काही द्रव्ये दोरी ओढीत नाहीत, ती घंटाच अशी हलकी करून ठेवतात की वाऱ्याच्या झुळकेनेही ती वाजावी. अ‍ॅस्पिरिनने ताज्या चिमट्याची वेदना का जात नाही आणि सुजलेल्या दाढेचा ठणका का उतरतो, याचाही उलगडा यात होतो. ती गोळी घंटा बंद करीत नाही. हलकी झालेली घंटा पुन्हा तिच्या मूळ वजनाकडे नेते.

आमच्या घरी अ‍ॅस्पिरिनची गोळी होती. काकांच्या कपाटात, त्यांच्या डोकेदुखीसाठी. काकांच्या डोकेदुखीला कुणी कधी नाटक म्हटले नाही.

* * *

आता प्रत्यक्ष तंतूला विचारायचे राहिले. ते काम १९६७ ते १९६९ या वर्षांत अमेरिकेत एडवर्ड पर्ल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केले. मांजराच्या कातडीतून येणाऱ्या एकेका बारीक तंतूची विजेची कुजबुज त्यांनी ऐकली. काही तंतू केवळ इजा होईल इतक्या जोराच्या दाबाला, उष्णतेला किंवा तीव्र रसायनालाच उत्तर देत. शेरिंग्टनचे भाकीत खरे ठरले. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. एकदा चटका बसलेला तंतू दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा कमी उष्णतेलाच बोलू लागे. मांजराला नाटक करता येत नाही, आणि सुट्या तंतूला तर त्याहून नाही.

राहिली शेवटची कडी, आणि ती मिरचीत होती. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि आपल्या ठेच्यात अशी मुरली की आज तिला कुणी परकी म्हणणार नाही. हंगेरीतल्या सेगेद गावचा मिक्लोश यान्चो हा तिच्यातल्या कॅप्सेसिन या द्रव्यावर संशोधन करीत असे. कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा दिलेल्या प्राण्यांना झोंबणाऱ्या द्रव्यांची वेदना होईनाशी होते, इतकेच नव्हे तर मोहरीच्या तेलाने त्यांची कातडी लालही होत नाही, असे त्याने दाखवले. लुईसने ओरखड्यात जे पाहिले होते त्याचा हा पुरावा होता: वेदनेचे तंतू दाहाची बातमी देतात आणि दाह वाढवतातही. त्यांच्या टोकांतून सबस्टन्स पी नावाचे द्रव्य सुटते आणि रक्तवाहिन्या सैल होतात. यान्चो १९६६ साली वारला. हा महत्त्वाचा निबंध त्याच्या मागे १९६७ साली प्रसिद्ध झाला.

मग १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस आणि त्याच्या मंडळींनी मिरचीचे कुलूप शोधले. उंदराच्या वेदनाग्राही पेशींतली जनुके त्यांनी मिरचीची फिकीर न करणाऱ्या दुसऱ्या पेशींत घातली, आणि कोणत्या जनुकाने त्या पेशी कॅप्सेसिनला दाद देऊ लागतात हे पाहत राहिले. एक जनुक सापडले. त्यापासून होणारे प्रथिन म्हणजे पेशीच्या पटलातला एक दरवाजा होता. कॅप्सेसिन आले की तो उघडे आणि विजेची लाट सुरू होई. मात्र शरीरात मिरचीसाठी दरवाजा कशाला असेल? उष्णता देऊन पाहिली, आणि त्रेचाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास दरवाजा आपोआप उघडला. मिरची भाजल्यासारखी का लागते ते कळले. दोघींचे दार एकच. २०२१ चे नोबेल पारितोषिक ज्युलियसला मिळाले ते याच वाटेने. स्पर्शाचे दरवाजे शोधणारा आर्देम पातापूत्यान हा त्याचा वाटेकरी होता.

त्यानंतरच्या पाच वर्षांत या दरवाजाची सूक्ष्म तपासणी झाली. ब्रॅडिकायनिन तंतूच्या आत शिरत नाही. तंतूच्या पटलावर त्याच्यासाठी एक ग्राहक असतो. त्यावर ते टेकले की आत काही विकरे जागी होतात आणि त्या दरवाजाला फॉस्फेटचा एक कण चिकटवतात. तेवढ्याने दरवाजाची कडी सैल पडते. प्रोस्टाग्लँडिनही दुसऱ्या मार्गाने तेच करते. दाहाच्या जागी आंबट झालेला द्रवही कडी ढिली करतो. २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवले की, ब्रॅडिकायनिनच्या सान्निध्यात हा दरवाजा शरीराच्या नेहमीच्या उष्णतेला, किंबहुना त्याहून कमी उष्णतेलाही उघडू शकतो.

अभ्यंगाचे पाणी चाळीस अंशांच्या आसपास असते. आईच्या कोपराचा दरवाजा त्रेचाळीसला उघडणारा होता, म्हणून तिला ते कोमट लागले. आत्याच्या हाताचा दरवाजा रात्रभरात खाली आला होता. तिच्या मेंदूला पोचलेला निरोप उकळत्या पाण्याने धाडलेल्या निरोपाच्याच जातीचा होता. भाजलेला हात गार पाण्यात धरला की बरे का वाटते, त्याचेही हेच कारण.

* * *

कुणी म्हणेल, निसर्गाने ही पीडा कशाला लावून दिली? भाजल्याची वेदना एकदा झाली, पुरे होती.

याचे उत्तर आणखी एका कथेत आहे. रिता लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन विदुषीने फॅसिस्ट राजवटीच्या ज्यूविरोधी कायद्यांमुळे नोकरी गेल्यावर घरातल्या निजायच्या खोलीत कोंबडीच्या गर्भांवर काम चालू ठेवले. युद्धानंतर अमेरिकेत तिने आणि स्टॅन्ली कोहेन याने ज्ञानतंतूंची वाढ करणारे एक प्रथिन शोधून काढले. गंमत अशी की, तेही विपुल प्रमाणात प्रथम सापडले ते सापाच्या विषातच. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. हेच प्रथिन मोठ्या माणसाच्या सुजलेल्या जागेत वाढते आणि वेदनेचे तंतू हळवे करते, हे पुढे उघड झाले. १९९६ साली जपानी संशोधकांना कळले की, ज्या थोड्या मुलांना जन्मापासून वेदनाच होत नाही अशांपैकी काहींत या प्रथिनाचा ग्राहक बिघडलेला असतो. ही मुले सुखी नसतात. ती जीभ चावतात, हात भाजून घेतात, मोडलेल्या हाडावर चालतात. तसेच हे प्रथिन अडवणारे औषध सांधेदुखीच्या रोग्यांना देऊन पाहिले तेव्हा वेदना तर कमी झाली, पण काहींचे सांधे झपाट्याने झिजले, आणि २०२१ मध्ये ते औषध सोडून द्यावे लागले.

म्हणजे जखमेचा हळवेपणा हा शरीराचा पहारा होय. घाव भरेपर्यंत या जागेला कुणी हात लावू नये, असा तो हुकूम आहे. संधिवातासारख्या आजारात हा पहारेकरी घाव नसतानाही वर्षानुवर्षे ओरडत राहतो. तेव्हा तो शत्रू ठरतो आणि त्याला आवरण्याची औषधे शोधावी लागतात. पण भाजल्यानंतरच्या पहिल्या रात्री तो आपला इमानी चाकरच असतो. आत्याच्या हाताने झटका देऊन तांब्या उडवला तो तिच्या लहरीने नव्हे. तो त्या पहाऱ्याचा हुकूम होता. आणि आम्ही त्याच दिवशी तिला दुपारच्या पंगतीची पुरणपोळी करायला बसवले.

* * *

आत्या जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. ज्यांनी तिला नाटकी म्हटले ते काकाही गेले. ते दुष्ट नव्हते, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. आईने तर कोपर बुडवून प्रामाणिकपणे परीक्षा केली होती. चूक एवढीच की, तिने आपल्या कोपराने दुसऱ्याच्या हाताची परीक्षा केली. तीनशे वर्षे मोठमोठ्या पंडितांनीही दुसरे काय केले होते? पाणी किती गरम आहे हे त्यांनी मोजले. ते कोणत्या कातडीवर पडते आहे हे मोजायचे राहून गेले.

गेल्या दिवाळीत माझ्या नातीचे बोट फुलबाजीच्या तारेने भाजले. दुसऱ्या दिवशी मोरीत तिची आई तिला म्हणाली, “अगं, कोमट आहे पाणी, किती तो आरडाओरडा!” मी पुढे होऊन बादलीत गार पाणी ओतले आणि नातीला विचारले, “आता?” तिने बोट बुडवले, जरा विचार केला आणि म्हणाली, “आता चालेल, आजोबा.”

त्या एका शब्दासाठी मला पासष्ट वर्षे आणि इतकी सारी पुस्तके लागली. वाचकांना ती लागू नयेत. या दिवाळीत घरात कुणाचा हात भाजलेला असेल, कुणाचा गुडघा सुजलेला असेल, तर पाण्यात आपले कोपर बुडवू नका. ज्याच्या अंगावर पाणी पडणार आहे, त्यालाच विचारा.